वेगाचं व्याकरण : 'फ्युरी रोड'च्या पाठलागामागची कारागिरी

'मारधाडीचा सिनेमा' हे शब्द आपल्याकडे सहसा कौतुकानं उच्चारले जात नाहीत. त्यातून तो एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग असेल, तर पाहण्याआधीच त्याचा निकाल लागलेला असतो. जुन्या नावावर नवा गल्ला जमवण्याचा उद्योग, असं म्हणून आपण मोकळे होतो. हा समज बहुतेक वेळा खराही ठरतो. म्हणूनच त्याला अपवाद ठरलेल्या एका चित्रपटाकडे जरा निरखून पाहावंसं मला वाटतं. जॉर्ज मिलर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' २०१५ साली प्रदर्शित झाला. मालिकेतला हा चौथा चित्रपट, तिसऱ्यानंतर तीस वर्षांनी आलेला. पुढच्या वर्षी त्याला ऑस्करची दहा नामांकनं आणि सहा पुरस्कार मिळाले : संकलन, ध्वनिसंकलन, ध्वनिमिश्रण, कलादिग्दर्शन, वेशभूषा आणि रंगभूषा. सगळेच्या सगळे पुरस्कार पडद्यामागच्या कारागिरांना मिळालेले.

हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे, काही वेळा आवाज पूर्ण बंद करूनसुद्धा. दर वेळी एकच प्रश्न मनात येतो. दोन तासांच्या या चित्रपटात सुमारे २,७०० शॉट आहेत. म्हणजे सरासरी पावणेतीन सेकंदांहूनही कमी वेळात पडद्यावरचं चित्र बदलतं. धूळ, धूर, आग, अंगावर येणाऱ्या गाड्या, त्यांवर लटकलेली माणसं, असं सगळं एकाच वेळी चालू असतं. तरीही कोण कुठे आहे, कोण कुणाच्या मागे आहे, हे मला क्षणभरही शोधावं लागत नाही. उलट याहून साध्या मारामाऱ्या पाहताना इतर चित्रपटांत माझं डोकं गरगरतं. असं का व्हावं?

याचं उत्तर शोधताना मी ज्या निष्कर्षाला आलो तो साधा आहे. पडद्यावर गोंधळ दाखवायचा असेल, तर तो टिपणाऱ्याच्या कामात तसूभरही गोंधळ असून चालत नाही. ही शिस्त कशी आली, कुणी आणली आणि तिची किंमत काय होती, हे पाहणं हा या लेखाचा हेतू आहे.

जाणं आणि परत येणं

कथानक दोन वाक्यांत सांगता येतं. वाळवंट झालेल्या भविष्यातल्या जगात पाण्यावर कब्जा करून बसलेल्या इमॉर्टन जो नावाच्या हुकूमशहाच्या ताब्यातल्या पाच स्त्रियांना घेऊन त्याचीच सरदार फ्युरिओसा एका अवाढव्य टँकरमधून पळ काढते, आणि मॅक्स हा भटका नाइलाजानं तिच्यासोबत ओढला जातो. ज्या हिरव्या प्रदेशाच्या ओढीनं ती निघाली तो नष्ट झाल्याचं कळल्यावर सगळे मागे वळतात आणि आलेल्या रस्त्यानंच परत येतात.

हा आराखडा मूकपटांच्या काळाइतका जुना आहे. बस्टर कीटनच्या 'द जनरल' (१९२६) या चित्रपटात नायक चोरलेल्या आगगाडीच्या मागे एका दिशेनं जातो आणि उत्तरार्धात त्याच रुळांवरून शत्रूला पाठीशी घेऊन परततो. मिलर यांनी कीटन आणि हॅरल्ड लॉइड यांचं ऋण नेहमीच मान्य केलं आहे. सिनेमाची भाषा मूकपटांनीच घडवली आणि पाठलागात ती सर्वांत शुद्ध रूपात दिसते, अशी त्यांची धारणा आहे. जपानमधल्या प्रेक्षकाला उपशीर्षकं वाचावी लागू नयेत, हा हिचकॉकचा आदर्शही ते वारंवार सांगतात.

मिलर मुळात डॉक्टर. सिडनीच्या इस्पितळात आणि तातडीच्या सेवेत काम करताना त्यांनी रस्त्यावरच्या अपघातांत सापडलेली माणसं पाहिली. बायरन केनेडी या मित्राबरोबर १९७९ साली त्यांनी पहिला 'मॅड मॅक्स' काढला, त्याच्या पैशांतला काही भाग या डॉक्टरकीतूनच उभा राहिला होता. १९८१ साली आलेल्या दुसऱ्या भागात सुमारे १,२०० शॉट होते आणि लांबी दीड तासाची, म्हणजे सरासरी साडेचार सेकंदांचा एक शॉट. तीस-पस्तीस वर्षांत प्रेक्षकाचा डोळा चित्रं वाचायला अधिक तरबेज झाला, हे मिलर यांनी ओळखलं. पण वेग वाढवला तर वाचनीयताही वाढवावी लागते, हेही त्यांनी ओळखलं. पुष्कळांनी यातला पहिला भागच घेतला.

आधी चित्रं, मग शब्द

'फ्युरी रोड'ची कल्पना सुचली ती विसाव्या शतकाच्या शेवटी. नेहमीसारखी पटकथा लिहिण्याऐवजी मिलर यांनी ब्रेंडन मॅकार्थी, मार्क सेक्स्टन आणि पीटर पाउंड या चित्रकारांना सोबत घेऊन संपूर्ण चित्रपट रेखाटून काढला. सुमारे ३,५०० चित्रं तयार झाली आणि एका खोलीच्या भिंती त्यांनी भरून गेल्या. माणूस भिंतीपाशी उभा राहून सगळा चित्रपट डावीकडून उजवीकडे 'वाचू' शकत होता. ज्या चित्रपटात माणसं फारशी बोलतच नाहीत, त्याची संवादांसकट लिहिलेली पटकथा कितीशी उपयोगी पडणार?

ही चित्रं पुढे पंधरा वर्षं टिकून राहिली, हे महत्त्वाचं. २००३ साली नामिबियात व्हायचं चित्रीकरण इराक युद्धाच्या धामधुमीत बारगळलं. नंतर ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल इथे तयारी झाली, तर अनेक वर्षांच्या दुष्काळानंतर तिथे धो धो पाऊस पडला आणि लाल वाळवंटात रानफुलं उगवली. अखेर सगळी वाहनं जहाजांतून नामिबियात न्यावी लागली आणि २०१२ सालच्या जुलैपासून काम सुरू झालं. ते ठरल्या मुदतीत संपेना, तेव्हा स्टुडिओनं चित्रीकरण थांबवलं. चित्रपटाचा आरंभ आणि शेवट जिथे घडतो तो गडाचा भाग तेव्हा झालेलाच नव्हता. तो जवळजवळ वर्षभरानं, २०१३ च्या नोव्हेंबरात सिडनीत चित्रित झाला. एवढ्या खंडानंतरही तुकडे एकमेकांत बसले, कारण नकाशा आधीपासून भिंतीवर होता.

या पद्धतीचा जाच नटांना झाला. एकेका शॉटमध्ये त्यांना स्टिअरिंग फिरवायचं, मागे वळून पाहायचं, एवढंच काम असे. दोन-तीन सेकंदांचे हे तुकडे कशात बसणार, ते दिग्दर्शकालाच ठाऊक. मॅक्सची भूमिका करणाऱ्या टॉम हार्डीनं २०१५ च्या कान महोत्सवात, पूर्ण चित्रपट पाहिल्यानंतर, मिलर यांची सर्वांसमक्ष माफी मागितली. तुमच्या डोळ्यांपुढे काय आहे ते मला तेव्हा दिसत नव्हतं, असा त्याचा आशय होता.

डोळा कुठे ठेवायचा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चित्र बदललं की आपला डोळा नव्या चित्रातला महत्त्वाचा बिंदू शोधतो. बुबुळ एका जागेवरून दुसरीकडे उडी मारण्याआधी साधारण एक पंचमांश सेकंद जातो, आणि उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. सिनेमा सेकंदाला चोवीस फ्रेम दाखवतो. म्हणजे प्रत्येक कटावर डोळ्याला जागा बदलावी लागली, तर चार-पाच फ्रेम वाया गेल्या. शॉट दहा सेकंदांचा असेल तर हे नुकसान कुणाच्या लक्षातही येत नाही. पण शॉट एका सेकंदाचा असेल तर त्याचा पाचवा हिस्सा गेला. असे दहा शॉट लागोपाठ आले की प्रेक्षक मागे पडत जातो, आणि शेवटी पाहणं सोडून नुसता दणदणाट सहन करत बसतो.

मिलर यांचा उपाय सोपा होता. महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मधोमध ठेवायची, प्रत्येक शॉटमध्ये. हे काम सांभाळणारे छायालेखक जॉन सील तेव्हा सत्तरीला टेकले होते. 'द इंग्लिश पेशंट'साठी ऑस्कर मिळवलेले सील निवृत्त झाले होते, या चित्रपटासाठी ते परत आले. त्यांचा हा पहिलाच डिजिटल चित्रपट. कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहताना मधोमध जी अधिक चिन्हासारखी खूण दिसते, ती नटाच्या नाकावर, बंदुकीवर, जे काही त्या क्षणी महत्त्वाचं असेल त्याच्यावर राहिली पाहिजे, असा मिलर यांचा आग्रह होता आणि वॉकीटॉकीवरून ते त्याची सतत आठवण करून देत.

चित्रकलेचं किंवा छायाचित्रणाचं शिक्षण घेतलेल्याला हे ऐकून धक्काच बसेल. विषय मध्यभागी ठेवू नये, एका अंगाला ठेवावा, हा पहिल्या वर्षी शिकवला जाणारा धडा. तो चुकीचा नाही. रेंगाळून पाहायच्या चित्रात डोळ्याला फिरायला जागा हवी, आणि मधोमध ठेवलेली वस्तू तिथे निर्जीव वाटते. पण एका सेकंदाच्या चित्रात डोळा फिरत नाही. तिथे मध्यबिंदू म्हणजे दोन शॉटना जोडणारा सांधा असतो. आधीच्या शॉटमध्ये फ्युरिओसाचे डोळे जिथे होते तिथेच पुढच्या शॉटमध्ये मॅक्सचं पिस्तूल येतं, आणि आपल्याला कट जाणवतच नाही. पडद्याच्या मध्यावर बोट ठेवून या चित्रपटाची पाच मिनिटं पाहिली, तर ही युक्ती कुणालाही पडताळता येईल. बोटाच्या आड नेमकी महत्त्वाचीच गोष्ट येत राहते.

त्या काळात मारधाडीच्या चित्रपटांत हातात धरलेल्या, हलत्या कॅमेऱ्याची चलती होती. पॉल ग्रीनग्रास यांच्या 'द बोर्न अल्टिमेटम'नं (२००७) ती शैली प्रतिष्ठित केली, आणि तिथे तिला अर्थही होता, कारण स्मृती हरवलेल्या नायकाची घालमेल त्या हलत्या चित्रांतून पोहोचत होती. त्यांचं अनुकरण करणाऱ्यांनी मात्र बरेचदा घालमेल सोडून नुसतं हलणं उचललं. मारामारी नीट बसवलेली नसली की कॅमेरा हलवून ती झाकता येते. मधोमध ठेवलेल्या चित्रात काहीच झाकता येत नाही.

४८० तासांची वाळू चाळताना

नामिबियात टिपलेलं चित्रण सुमारे ४८० तासांचं भरलं. अहोरात्र पाहत बसलं तर वीस दिवस, रोज आठ तास पाहिलं तर दोन महिने. त्यातून दोन तास काढायचे, म्हणजे एका तासासाठी २३९ तास बाजूला ठेवायचे. हे काम मार्गारेट सिक्सेल यांनी केलं. 'बेब : पिग इन द सिटी' आणि 'हॅपी फीट' यांच्या संकलनाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता, पण मारधाडीचा एकही चित्रपट त्यांनी केला नव्हता. त्या मिलर यांच्या पत्नी. मलाच का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मिलर यांनी दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे : पुरुषांनी संकलन केलं तर हा चित्रपट इतर सगळ्यांसारखाच दिसेल. उत्तरात विनोद आहे, पण त्यांना हवी होती ती सवयीच्या तालापासून दूर असलेली नजर.

सिक्सेल यांना शॉटच्या भव्यतेचं अप्रूप नव्हतं. या शॉटमधून नवं काय कळतं, हा त्यांचा प्रश्न असे. काहीच कळत नसेल, तर स्फोट कितीही महागडा असो, तो गेला. पाठलागातली पुनरुक्ती हा त्यांचा खरा शत्रू होता.

त्यांच्या कामाचा एक भाग सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सील यांच्या सांगण्यानुसार चित्रपटाचा पन्नास-साठ टक्के भाग सेकंदाला चोवीस फ्रेम या नेहमीच्या वेगानं धावतच नाही. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत. तो सावकाश फिरवला की कमी फ्रेम टिपल्या जात आणि पडद्यावर हालचाल झपाट्यानं होई. इथे तेच काम बहुतांशी संगणकावर, शॉटगणिक केलं गेलं. एखाद्या शॉटमध्ये काय चाललंय ते समजत नसेल, तर काही फ्रेमांपुरता तो मंदावायचा. गरजेपेक्षा लवकर समजत असेल, तर वेग वाढवायचा. त्यामुळे चित्रपटाला कुठे कुठे जुन्या मूकपटांसारखा एक झटका आहे, आणि तो पाहताना विचित्र वाटत नाही. गाण्यातल्या लयीसारखा तो अंगात भिनतो. समजणं हेच इथे तालाचं माप होतं.

एका मारामारीची उजळणी

वादळानंतर मॅक्स, फ्युरिओसा आणि नक्स हा हुकूमशहाचा तरुण शिपाई पहिल्यांदा समोरासमोर येतात, ते दृश्य माझ्या मते सगळ्या चित्रपटाचा नमुना आहे. मॅक्सच्या तोंडाला लोखंडी मुसकं बांधलेलं आहे आणि एका साखळीनं तो बेशुद्ध नक्सला जखडलेला आहे. साखळीत मोटारीचा एक दरवाजाही अडकला आहे. नक्सचा हात उडवून सुटका करून घ्यावी म्हणून मॅक्स बंदुकीचा चाप ओढतो, पण बार उडत नाही. मग नक्सला खांद्यावर टाकून, दरवाजा ओढत तो टँकरपाशी येतो आणि तीच निकामी बंदूक रोखून पाणी मागतो.

बंदूक निकामी आहे हे आपल्याला ठाऊक आहे, फ्युरिओसाला नाही. ती झेप घेऊन बंदूक हिसकावते, मॅक्सच्या तोंडावर धरते आणि चाप ओढते. नुसता खटका वाजतो. तिनं खरंच मारलं असतं, हे आपल्याला आणि मॅक्सला एकाच वेळी कळतं. एका शब्दाविना तिच्या निश्चयाचं माप मिळालं. पुढे साखळी कधी मॅक्सचं हत्यार होते, तर कधी त्या स्त्रिया ती ओढून त्यालाच मागे खेचतात. मारामारी संपल्यावर मॅक्स टँकर घेऊन एकटाच निघतो आणि थोड्याच अंतरावर इंजिन बंद पडतं. ते चालू ठेवायची कळांची क्रमवारी फक्त फ्युरिओसाला माहीत आहे. ती शांतपणे चालत येते.

या दृश्यात वस्तूंनी कथा सांगितली आहे : साखळी, दरवाजा, न उडणारी बंदूक, बंद पडणारं इंजिन. कुणाला कुणाची गरज आहे, हे दर टप्प्यावर बदलतं आणि प्रत्येक बदल डोळ्यांना दिसतो. कीटनचा वारसा म्हणतो तो हा.

खरं किती, संगणकाचं किती

या चित्रपटात सगळं खरं आहे, संगणकाची करामत नाही, अशी एक दंतकथा पसरली आहे. ती अर्धीच खरी आहे. कलादिग्दर्शक कॉलिन गिब्सन यांनी सुमारे दीडशे वाहनं बनवून घेतली आणि ती खरोखर धावत. मुख्य टँकर टाट्राच्या ट्रकवर जुन्या शेव्हरलेटचं धूड चढवून केला होता, तर हुकूमशहाची गाडी दोन कॅडिलॅक एकावर एक बसवून. ज्वाला ओकणारी गिटारही खरीच ज्वाला ओकत होती. पण त्याच चित्रपटात सुमारे दोन हजार शॉटवर संगणकाचं काम झालेलं आहे. वाळूचं महावादळ, फ्युरिओसाचा तुटका हात, बदललेलं आकाश, हे सगळं त्यातलं.

खरा आणि खोटा यांच्यातली वाटणी कशी केली, हे पाहण्यासाठी लवचीक खांबांवरचे हल्लेखोर घ्यावेत. धावत्या गाड्यांवर उंच खांब उभे आहेत, टोकाला माणसं आहेत, आणि ती झोके घेत टँकरवर उतरतात. हे खरोखर करणं फार धोक्याचं, म्हणून ते संगणकावर करावं लागेल, अशीच मिलर यांची समजूत होती. स्टंट दिग्दर्शक गाय नॉरिस यांनी सहकाऱ्यांसह अनेक आठवडे सराव केला आणि धावत्या गाड्यांवरच्या खांबांचं चित्रण मिलर यांना आणून दाखवलं. मग निर्णय बदलला.

यामागचं शास्त्र रेल्वे फाटकाच्या दांड्यासारखं आहे. फाटकाच्या लांब दांड्याला मागच्या आखूड बाजूला जड वजन असतं, म्हणून एक माणूस तो सहज उचलतो. इथे खांब गाडीवरच्या खिळीवर डोलतो, वर माणूस आणि खाली भारी वजन. दोन्ही बाजूंचा तोल जवळजवळ सारखा, खालची बाजू किंचित जड. त्यामुळे खांब आपोआप सरळ होऊ पाहतो, पण सावकाश, संगीतशाळेतल्या तालयंत्राच्या काट्यासारखा. माणसाला झोक्याचा अंदाज येतो आणि वेळ साधता येते. पाहणाऱ्यालाही तो झोका अंगात जाणवतो, कारण त्यात वजन आहे.

संगणकानं इथे काय केलं? नटांना आणि स्टंटमनना गाडीला बांधून ठेवणाऱ्या तारा पुसल्या. पूर्वी तार दिसू नये म्हणून ती बारीक ठेवावी लागे, किंवा बांधतच नसत. १९८१ च्या दुसऱ्या भागात एकविशीतले नॉरिस स्वतः स्टंटमन होते. मोटारसायकलवरून उसळून हवेत कोलांट्या खाताना त्यांचा पाय मोडला, आणि तो शॉट चित्रपटात आजही आहे. तीस वर्षांनी तोच माणूस शेकडो स्टंट आखत होता, तेव्हा दोर जाड ठेवता येत होता, कारण तो नंतर पुसता येणार होता. संगणकाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. माणसाच्या जागी चित्र ठेवण्यापेक्षा माणूस जिवंत राहील अशी सोय करणं मोठं.

कॅमेऱ्यालाही हेच लागू होतं. वेगवान गाडीच्या छपरावर फिरता लांब हात, त्याच्या टोकाला धक्के पचवणारा कॅमेरा, आणि गाडीत बसून तो चालवणारी माणसं, अशा रचनेमुळे कॅमेरा चाकांच्या जवळ जाऊ शकला. जिथे तो चिरडण्याची शक्यता, तिथे बाजारात मिळणारे साधे कॅमेरे ठेवले गेले.

खऱ्या वाळवंटात खऱ्या गाड्या चालवण्याची एक किंमत मात्र संगणकानं पुसता आली नाही. नामिबच्या किनारी पट्ट्यात चाकांचे व्रण दशकानुदशकं राहतात. चित्रीकरणानं तिथल्या नाजूक परिसराची हानी झाल्याचा आक्षेप पर्यावरण-अभ्यासकांनी २०१३ साली घेतला. नामिबियाच्या चित्रपट मंडळानं तो फेटाळला. खरेपणाचं कौतुक करताना या वादाची नोंद करायलाच हवी.

रात्र, रंग आणि देवमासा

दलदलीतली रात्र भर दुपारी चित्रित झाली आहे. ही युक्ती जुनी. फ्रान्स्वा त्रुफोनं १९७३ साली तिच्याच नावाचा चित्रपट काढला. जुन्या पद्धतीत कमी प्रकाश घेऊन चित्र अंधारं करत, पण त्यामुळे सावल्यांतला तपशील हरवे. इथे उलट केलं. गरजेपेक्षा दोन पायऱ्या जास्त प्रकाश घेऊन सावल्यांतलंही सगळं टिपलं, आणि नंतर चित्र निळं-काळं करत खाली आणलं. म्हणून ती रात्र चांदीच्या पत्र्यासारखी दिसते आणि तिच्यातला प्रत्येक चेहरा वाचता येतो.

दिवसाचे रंग मात्र भडक ठेवले. जगबुडीनंतरच्या कथा राखाडी दाखवायचा प्रघात मिलर यांना नकोसा झाला होता. खरं तर त्यांना हा चित्रपट कृष्णधवल हवा होता, कारण दुसऱ्या भागाच्या संगीतासाठी काढलेली स्वस्त कृष्णधवल प्रत त्यांना सर्वांत देखणी वाटली होती. 'फ्युरी रोड'ची कृष्णधवल आवृत्ती २०१६ साली आली. रंग काढल्यावरही दृश्यं तितकीच स्पष्ट राहतात, यातच रचनेची परीक्षा झाली.

साहित्याच्या वाचकाला ध्वनीचा तपशील आवडेल. ध्वनिसंकलक मार्क मॅन्जिनी यांनी टँकरकडे 'मोबी डिक'मधला देवमासा म्हणून पाहिलं. त्याच्यावर भाले फेकले जातात तेव्हा इंजिनाच्या आवाजात देवमाशांचे आवाज मिसळलेले आहेत, आणि शेवटी तो कोसळतो तेव्हा मंदावलेली अस्वलाची डरकाळी. प्रेक्षकाला हे ओळखू येत नाही. एक यंत्र मोडतंय आणि आपल्याला वाईट का वाटतंय, एवढंच जाणवतं.

कारागिरी कशासाठी

हे सगळं वाचून कुणी विचारेल की एवढा खटाटोप कशासाठी? शेवटी पाठलागच ना?

त्याच दलदलीतल्या रात्रीचा प्रसंग सांगतो. मागून प्रखर दिव्याची गाडी येते आहे. लांब पल्ल्याच्या बंदुकीत मोजक्याच गोळ्या उरल्या आहेत. मॅक्स नेम धरतो, चुकतो. पुन्हा चुकतो. मग मागे वळून न पाहता तो बंदूक फ्युरिओसाकडे देतो. ती नळी त्याच्या खांद्यावर टेकवते, त्याला श्वास रोखायला सांगते, आणि दिवा फुटतो.

काही तासांपूर्वी याच बाईनं याच माणसाच्या तोंडावर बंदूक धरून चाप ओढला होता. आता तो तिच्या बंदुकीसाठी खांदा देऊन स्तब्ध बसला आहे. विश्वास, समानता, स्वतःची मर्यादा मान्य करणं, या सगळ्याबद्दल दोघंही चकार शब्द काढत नाहीत. एखाद्या कादंबरीकाराला यासाठी एक प्रकरण लागलं असतं, आणि ते चांगलंही झालं असतं. इथे ते काही सेकंदांत झालं. आपण तो खांदा, ती नळी आणि तो रोखलेला श्वास नीट पाहू शकलो, म्हणूनच ते झालं. चित्र हललं असतं, डोळा दुसरीकडे असता, शॉट चार फ्रेम आधी तुटला असता, तर हाती नुसता एक फुटलेला दिवा उरला असता.